हाकेपुरती जागा

प्लोवदिव, ६ फेब्रुवारी १९९४

मामा,

तब्येतपाणी नंतर विचारते, आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तुला हे माहीत होतं का?

काल आपल्या 'कोमिन' बँडची नवी कॅसेट आली. छापखान्यातून सुटले ती थेट दुकानात, तिथून घरी, बुटांसकट स्वयंपाकघरात. कॅसेट घातली आणि वाट बघत बसले, की आता ड्रम बडवले जातील, आता गिटार किंचाळेल, आता आपला क्रुम घसा खरवडून भिंती हलवील. तर कसलं काय! मयताच्या घरी बसून कुणी म्हातारी हेल काढून रडतेय, तसला आवाज. मला वाटलं दुकानदारानं भलतीच कॅसेट दिली. मग कळलं, तो क्रुमच.

त्यातलं 'हाक' म्हणून जे गाणं आहे, ते तर मध्येच थांबतं. वाद्यं थांबतात, तो थांबतो, नुसती खरखर. टेप तुटली समजून मी यंत्राला दोन चापट्या मारल्या. तेवढ्यात गाणं आपलं पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

आमच्या इथल्या मंडळींत सरळ दोन तट पडलेत. मिंचो, तो दाढीवाला बसड्रायव्हर, ऐकून ढसाढसा रडला. वेस्कोनं कॅसेट गच्चीतून खाली फेकली. ती खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या चादरीत अडकली, म्हणून जाऊन घेऊन आला आणि पुन्हा फेकली. मी वेस्कोच्या बाजूची.

आणि पेपरात क्रुम म्हणतो की जुनी गाणी म्हणजे लहानपणीची चड्डी, आता होत नाही. 'नेदा' सुद्धा पुन्हा गाणार नाही म्हणे! मामा, ज्या मामीनं या दीडशहाण्यांना तुझ्या तळघरात वर्षानुवर्षं घेवड्याचा रस्सा खाऊ घातला, तिच्या नावाचं गाणं! ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर बसले होते, पंधरा वर्षांची. माझं सगळं तरुणपण त्या एका गाण्यात आहे, आणि तो म्हणतो चड्डी.

तो लोमलाच राहतो, रोज तुझ्याकडे येतो. त्याचा कान धर.

तुझी संतापलेली भाची,
इस्क्रा

*

लोम, १७ फेब्रुवारी १९९४

चि. इस्क्रा,

पोस्टमननं तुझं पत्र हातात देताना फुंकर मारली, इतकं गरम होतं.

कान कसा धरू? मला सगळं माहीत होतं. मीच त्याला तिथं घेऊन गेलो. वरच्या अंगाला ते द्राक्षमळ्यांचं गाव आहे ना, तिथं तोदोरा आजी राहते. आसपासच्या गावांत कुणी गेलं की रडायला तिला बोलावतात. तिचा नवरा आणि मी एका बोटीवर होतो. क्रुमनं तिचं रडणं एका मयताला ऐकलं आणि त्याची तहानभूक गेली. मला म्हणाला, "मामा, आम्ही पंधरा वर्षं ओरडतोय, पण खरं ओरडणं हे आहे."

म्हातारी आधी हाकलायलाच उठली. "रडणं शिकवत नसतात, ते येतं." पण पोरगं हटलं नाही. तिची लाकडं फोडली, छपराची कौलं बसवली, तेव्हा कुठं ती विरघळली. शिकवलं, पण एक अट घातली. त्या रडण्यात एक जागा असते, तिथं गेलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची असते. ती म्हणाली, "ती जागा रिकामी ठेव. तुझ्या घरी मयत नसताना तू हे म्हणणार. बिनमयताचं रडणं म्हणजे बिनधन्याचं कुत्रं. त्याला ज्याचं नाव ऐकू येईल, त्याच्या दाराशी जाऊन बसेल." म्हणून ते गाणं तिथं थांबतं, बाई. तू उगाच यंत्राला चापट्या मारल्यास.

मला शाळेनं चौथीतच सोडून दिलं, तेव्हा संगीताचं मला विचारू नकोस. पण मी ते गाणं ऐकतो तेव्हा त्या रिकाम्या जागेत माझा श्वास अडकतो. तुझी मामी गेली तेव्हा मी नदीवर होतो. बर्फानं बोट खाली रुमानियात अडकवली. परतलो तोवर तुम्ही सगळं उरकलं होतं. तुम्ही रडून मोकळे झालात. माझा घसा आजतागायत कोरडा. तिचं नाव तोंडातून निघत नाही. एरवी आयुष्यभर तेच केलं मी! धक्क्यावर उतरलो की तिथूनच ओरडायचो, आणि ती खिडकीतून, "आले, आले! सगळा गाव कशाला गोळा करतोस?"

चर्चमध्ये तिची मेणबत्ती लावतो तीही वरच्या वाळूत, जित्यांच्या. मेणबत्त्या विकणारी लिलिया दर रविवारी खेकसते, "हरालांपी, गेलेल्यांच्या खाली लावायच्या, खाली!" मी म्हणतो, चुकून झालं. दर रविवारी चुकतो.

तेव्हा क्रुमला शिव्या देऊ नकोस. माणूस आहे तो, एकाच फांदीवर जन्मभर कसा बसेल? आवडत नसेल तर ऐकू नको. गोड बोल.

तुझा मामा

*

प्लोवदिव, ५ मार्च १९९४

मामा,

तुझं पत्र वाचलं. तोदोरा आजीचं कुत्रं वाचून खूप हसले. असल्या गोष्टी तुझ्या कोंबड्यांना सांग, अंडी तरी जास्त देतील.

गोड बोलायला मात्र उशीर झाला. आम्ही बार उडवून दिलाय! ऐक. आमच्या छापखान्यात दिवसभर काय छापतो आपण? लग्नपत्रिका आणि मयताची बातमी द्यायला दारांवर, झाडांवर चिकटवतात ते काळ्या चौकटीचे कागद. त्यात कागदच जास्त, कारण लग्न एकदाच छापतात, आणि मेलेल्या माणसाचा कागद चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं, पुन्हा पुन्हा. तर शनिवारी मालक गेल्यावर मी एक जास्तीचा जुळवला आणि त्याच्या गठ्ठाभर प्रती काढल्या. वर फोटो, जुन्या कॅसेटवरचा, सरळ समोर बघणारा, नाकात तोच माज. खाली मजकूर:

"आमचा लाडका क्रुम, 'कोमिन'चा आवाज, नवी कॅसेट आली त्या दिवशी आम्हाला सोडून गेला. शोकाकुल: जुने चाहते."

वेस्को पोटात दुखेपर्यंत हसला. आपली माणसं गावोगावी शंभर ठिकाणी लावून आलीत: बस थांबे, झाडं, दुकानांची दारं. मिंचोनं मात्र प्रत हातात घेतली नाही. म्हणाला, "जित्या माणसाचा कागद लावत नसतात." भाबडा! अरे, जिथं तो नवा आवाज आवडलेले लोक त्याच्यासाठी फुलं फेकतात, तिथं आम्हाला एक कागद चिकटवायचा हक्क नाही?

एक प्रत सोबत पाठवते. त्याला दे. त्याला चिडलेलं बघायला मी काय वाटेल ते देईन.

इस्क्रा

*

लोम, २८ मार्च १९९४

इस्क्रा,

तुझ्या पत्रातली प्रत द्यायची वेळच आली नाही. तुझा एक कागद आधीच माझ्या फाटकावर चिकटवलेला होता. सकाळी दूध घ्यायला निघालो आणि समोर क्रुम काळ्या चौकटीत. दुधाचं भांडं खाली ठेवलं. मग खालचं वाचलं आणि तुझ्या कानाखाली वाजवावंसं वाटलं. पण प्लोवदिव लांब पडतं.

क्रुम आला, बघितलं, आणि खो खो हसला. "मामा, पोरीनं फोटो तरी बरा निवडायचा. यात माझं नाक बटाट्यासारखं दिसतंय." फाटकावरचीच प्रत भिंतीला लावायला मागून घेतली. राग नाही, रोष नाही. तेवढ्यावर मिटलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

रविवारी चर्चमध्ये खालच्या वाळूत, गेलेल्यांच्यात, एक मेणबत्ती दिसली. लिलियाला विचारलं कुणाची. म्हणाली, "तुमच्या त्या गाणाऱ्याची. कुणा बाईनं झाडावर कागद वाचला, बिचारा तरुण म्हणून लावून गेली." मी म्हटलं, अगं तो जिता आहे, काढ ती! लिलिया म्हणाली, "पेटलेली मेणबत्ती मी काढत नसते." बाजारात एका म्हातारीनं माझ्या हातात मयतानंतर वाटतात तो साखर घातलेला उकडलेला गहू ठेवला. क्रुमच्या नावानं वाटत होती. क्रुम माझ्या शेजारीच उभा होता, इस्क्रा. तिनं त्याला गहू दिला नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. तळघराचा माझा जिना तुला ठाऊक आहे. मांजर उतरलं तरी करकरतो. परवा मी पाठमोरा पिंपातून कोबी काढत होतो. वळलो, तर क्रुम माझ्या मागे उभा. जिना वाजलाच नव्हता. मी म्हटलं, "हवेतून आलास की काय रे?" तो म्हणाला, "मामा, मला बाहेरून कुणीतरी हाक मारली का?" आणि मान वळवून दाराकडे बघत राहिला.

कारण काय, तेही विचारलं. प्लेवेनच्या कार्यक्रमापासून लोकांनी एक नवीन काढलंय. त्या गाण्यातल्या रिकाम्या जागेत सगळे मिळून त्याचं नाव घेतात. तुझ्या मिंचोसारखे, जीव टाकणारे लोक. "क्रुम! क्रुम!" प्रेमानंच. त्यांना काय कल्पना! तेव्हापासून त्याला भरदिवसाही नदीच्या बाजूनं गर्दीचा आवाज येतो, लांबून, आणि त्यात त्याचं नाव.

निम्म्यांनी त्याचं नाव काळ्या चौकटीत छापलं, निम्म्यांनी त्याला त्या जागेत हाक मारली. बोलाफुलाला गाठ म्हणावं, तर ही गाठ फार घट्ट बसलीय. माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

ते कागद काढ. सगळे काढ. हसण्यावारी नेऊ नकोस.

मामा

*

प्लोवदिव, १९ एप्रिल १९९४

मामा,

तुझं पत्र आल्या दिवशी मी तुझ्यावर चिडले होते. म्हातारपणी माणूस सावलीलाही घाबरतो, असं काहीतरी मनात म्हटलं. तरी तुझ्या समाधानासाठी वेस्कोला घेऊन निघाले आणि शहरभरचे कागद खरवडून काढले. हाताची नखं गेली. बाकी गावांतल्या लोकांनाही फोन करून काढायला लावले.

गेल्या आठवड्यात ते पुन्हा लागले.

आमचे नव्हेत. चाळिसाव्याचे. "चाळीस दिवस झाले" असं वर (मी मोजले, आमचे कागद लागले तेव्हापासून), तशीच चौकट, तोच फोटो. खाली "शोकाकुल" म्हणून कुणाचंच नाव नाही. मी छापले नाहीत. वेस्कोनं आईची शप्पथ घेतली. मालकाला विचारलं, तो म्हणाला असं काम आलंच नाही. पण मामा, टाइप आमचा आहे. आमच्या यंत्राच्या चौकटीचा डावा कोपरा तुटका छापतो, तो तसाच तुटका.

आणि फोटो तोच म्हणाले ना मी? तो तोच नाही. शर्ट तोच, केस तेच, मागची भिंत तीच. पण मी लावलेल्या फोटोत तो सरळ समोर बघत होता. यात त्याची मान वळलेली आहे. मागून कुणीतरी हाक मारली आणि तो वळून बघायला लागला, तशी.

मी तो एक कागद घरी आणला होता. रात्रभर उलटा करून ठेवला. सकाळी मिंचोकडे गेले आणि त्याच्यापुढे रडले. तो चिडला नाही. म्हणाला, "तुम्हीच नाही गं. आम्हीही ओरडलोच की."

त्याला सांग, ते गाणं गाऊ नको म्हणावं. जुनं नाही गायलास तरी चालेल, माझं काही म्हणणं नाही. पण तेवढं नको.

इस्क्रा

*

लोम, १२ मे १९९४

इस्क्रा,

सांगितलं. त्यानं प्रयत्न केला. सेंट जॉर्जच्या सणाच्या जेवणाला माझ्या अंगणात गिटार घेतलं आणि 'नेदा' सुरू केलं, तुझ्याखातर. चार ओळी सुरळीत. मग सूर आपोआप कलंडला, जसं चाक गेलेली गाडी रस्त्याकडेच्या चरात जाते, आणि बघता बघता तेच रडणं. त्यानं गिटार खाली ठेवलं. ओठांना रंग नव्हता. म्हणाला, "मामा, माझ्यात दुसरं काही उरलंच नाही."

कोकराचं मांस शेजाऱ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. त्यानं तोंडाला लावलं नाही. माझ्या घेवड्याच्या रश्श्यालाही नाही. नेदाच्या हाताची चव त्याला येत नाही हे कबूल, पण पोरगं मीठ घालून तेवढंच ढोसायचं. आता बशी पुढे ठेवली की वास घेतो आणि हसतो. बोलतो तेव्हा पुढे वाकून ऐकावं लागतं. जो माणूस नदीच्या या काठावरून त्या काठाला शिवी ऐकवायचा!

मी तोदोरा आजीकडे गेलो. तिनं मला दाराबाहेरच विचारलं, "त्याचं नाव कुणी घेतलं?" मी म्हटलं, सगळ्यांनी. ती खाटेवर बसली. म्हणाली, एकदा ज्याचं नाव पडलं, त्याच्याजवळून ते रडणं उठवता येत नाही. फक्त त्या जागेत दुसरं नाव जास्त मोठ्यानं पडलं पाहिजे, आणि पहिल्यापेक्षा जास्त तोंडांनी. म्हणजे ते उठेल आणि त्या नावामागे जाईल. मी विचारलं, "कुणाचं घ्यायचं?" ती म्हणाली, "ते मी कशी सांगू? ज्याचं घ्याल त्याच्या दाराशी बसेल."

जूनअखेर लोमला नदीकाठच्या उघड्या नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम आहे. क्रुम म्हणतो, "मामा, ते आपल्या गावात शेवटचं." कार्यक्रम शेवटचा की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

मी विचार केला. माझं वय झालंय. पोरंबाळं नाहीत. मांजर शेजारीण बघेल. माझं नाव लांबलचक आहे खरं, पण "हरालांपी" ओरडायला काही वाईट नाही. तुझ्या लोकांना शिकव.

मामा

*

प्लोवदिव, २३ मे १९९४

मामा,

खबरदार! पुन्हा असं लिहिलंस तर येऊन तुझी सगळी कोबीची पिंपं नदीत लोटीन. तुझं नाव ओरडायला लावतोय म्हणे! आईनं तुझ्याबद्दल सांगितलेलं सगळं खरं होतं. शाळेनं सोडलं ते बरंच केलं.

नीट ऐक, मी उपाय काढलाय, आणि तो आमच्यासारख्या खडूस लोकांनाच जमणारा आहे. आम्ही जुन्या गाण्यांचे लोक कार्यक्रमाला जाऊन काय करतो? नवं गाणं सुरू झालं की जुन्याचं नाव घेऊन बोंबलतो. सगळीकडे शिव्या खातो त्यासाठी. तर इथंही तेच. त्या जागेत मिंचोची माणसं त्याचं नाव घेऊ लागली की आम्ही सगळे "नेदा! नेदा!" म्हणून छप्पर उडवू. हे कुणा माणसाचं नाव नाही, गाण्याचं आहे. ते कुत्रं जाऊन बसलं तर गाण्याच्या दाराशी बसेल. बसू दे!

वेस्को दोन बस भरतोय. मिंचो चालवणार आहे त्यातली एक. सोफिया, पर्निक, प्लेवेन, सगळीकडचे खडूस गोळा करतोय.

ठीक आहे ना? कळव.

इस्क्रा

*

प्लोवदिव, २० जून १९९४

मामा, तुझं उत्तर आलं नाही. हो की नाही? काही चुकतंय का माझं? गप्प बसलास म्हणजे होकार समजते. शनिवारी येतोय. बसमध्ये फार खाऊ नका असं सगळ्यांना सांगितलंय, घसे मोकळे राहायला हवेत.

*

लोम, १ जुलै १९९४

चि. इस्क्रा,

तुम्ही घाईघाईनं बसमध्ये चढलात, धड बोलणं झालं नाही. तू पुढे होतीस, मी मागे बिअरच्या पेटीवर बसलो होतो. मला काय दिसलं ते लिहितो. तुझं दिसलेलं तुझ्याजवळ आहेच.

सूर्य नदीपलीकडे रुमानियात उतरत होता. क्रुम मंचावर आला तेव्हा माझ्या शेजारचा पोलीस म्हणाला, "गाणारा कुठाय?" मी बोट दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले. इतका तो उजेडात विरला होता. त्याची सावली मागच्या पडद्यावर पडली नव्हती, बाकी तिघांची पडली होती. मग त्यानं ते रडणं सुरू केलं, आणि सगळं नाट्यगृह गप्प. पाण्यावरचे बगळेसुद्धा.

आणि ती जागा आली. एका बाजूनं "क्रुम!" उठलं. त्याची मान लगेच मागे वळली, दाराकडे नाही, नदीकडे. एक पाऊलही टाकलं त्यानं तिकडे. आणि मग तुझा आवाज आला, इस्क्रा. तुझा एकटीचा, फाटका. "नेदा!" त्यामागे वेस्कोचा. त्यामागे दोन्ही बस. आधी दोन नावं एकमेकांत भांडली, आणि मग मिंचोचं ते दाढीवालं थोबाड मला स्वच्छ दिसलं. तो "क्रुम" म्हणायला तोंड उघडून थांबला, आणि "नेदा" म्हणाला. त्याचं पाहून बाकीचे. कारण खरं सांगू का, त्यांनाही ते गाणं हवंच होतं. नवं आवडलं म्हणून जुनं कुणी मनातून काढतं थोडंच? हजार माणसं, एक नाव.

तू विचारलं होतंस मी उत्तर का दिलं नाही. मी टेबलाशी बसलो होतो, तुझं पत्र पुढे होतं, आणि त्यात तू लिहिलं होतंस की हे कुणा माणसाचं नाव नाही. मी पेन उचललं आणि ठेवलं. ते तुझ्या मामीच्या दाराशी जाऊन बसलं तर तिला आता कशाची भीती? जिचं खरंच मयत झालंय, तिचं नाव त्या रडण्यात कुणी घेतलं नव्हतं, आणि ते काम माझं होतं. म्हणून गप्प बसलो.

पेटीवर उभा राहिलो आणि मीही ओरडलो. धक्क्यावरून ओरडायचो तसा. माझा घसा पाच वर्षांनी ओला झाला. पोलीस म्हणाला, "आजोबा, तुम्हालाही हेच गाणं हवंय का?" मी म्हटलं, "हो."

क्रुमनं मान सरळ केली. आपण कुठं उभे आहोत ते बघितलं. आणि माईकमध्ये म्हणाला, "बरं बाबांनो, गातो! कान फुटले!" हा आवाज त्या काठाला गेला असणार. मग 'नेदा' वाजवलं त्यांनी, ड्रम फुटेस्तोवर. तू रडत होतीस. मी बघितलं.

सकाळी माझ्या फाटकावर त्या चाळिसाव्याच्या कागदांतला एक होता. चौकट होती, तुटका कोपरा होता, आत कोरं. पाऊस तर पडला नव्हता. दुपारी क्रुम आला. जिना असा करकरला की मांजर पिंपावरून उडालं. रश्श्याच्या तीन बशा खाल्ल्या आणि म्हणाला मीठ कमी आहे. म्हणे, यापुढे दोन्ही गाणी गाणार, पण त्या रडण्यातली जागा तो स्वतःच भरणार. कुणाच्या नावानं, ते मला विचारून ठरवणार आहे.

वेस्कोनं यंत्रावर सगळं भरून घेतलं होतं ना? ती कॅसेट मला पाठव. एकदाच ऐकायची आहे.

मामा

*

प्लोवदिव, ११ जुलै १९९४

प्रिय मामा,

क्रुम जेवतोय हे वाचून मी छापखान्यात सगळ्यांना मिठाई वाटली. इथले कागदही नाहीसे झालेत. मिंचो आणि वेस्को एकत्र बिअर पितात आणि नवं बरं की जुनं यावर टेबल बडवून भांडतात. ऐकायला इतकं बरं वाटतं!

तुझं पत्र वाचून माझंच मागचं पत्र आठवलं. मी किती सहज लिहिलं होतं, कुणा माणसाचं नाव नाही म्हणून. मला माफ कर.

कॅसेटचं म्हणशील, तर ती चांगली आली नाही. वेस्कोचं यंत्र जुनं, टेप गुंडाळली गेली. त्या जागेत नुसता गोंगाट आहे, आणि त्यानंतर जरा शांत, आणि मग गाणं. त्या शांततेत काही नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, काही नाही. पाठवण्यासारखी नाही म्हणून पाठवत नाही.

मामा, तू काही दिवस आमच्याकडे येऊन राहा ना. एकटा राहू नकोस. लगेच ये.

तुझी इस्क्रा

*

लोम, १९ जुलै १९९४

चि. इस्क्रा,

खोटं बोलायला तुला तुझ्या आईइतकंच येतं, म्हणजे मुळीच नाही. काही नाही असं एकदा लिहिलं असतंस तर मी मानलंही असतं.

कॅसेट नको पाठवूस, मला तिची गरज नाही. मी तिथं होतो. हजार लोक ओरडून थांबले, क्रुम अजून बोलला नव्हता, त्या मधल्या जागेत मलाही ऐकू आलं. मंचाकडून नाही. माझ्या मागून, गावाच्या बाजूनं, आपल्या घराच्या खिडकीकडून. तू जे ऐकलंस तेच ना? "आले, आले! सगळा गाव कशाला गोळा केलास?"

खरंच केला होता या वेळी.

रविवारी चर्चमध्ये गेलो आणि मेणबत्ती खाली लावली, गेलेल्यांच्या वाळूत. लिलियानं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "आज चुकला नाहीत." मी म्हटलं, नाही. तिथं कुणीतरी पुन्हा क्रुमच्या नावानं एक लावलेली होती, ती मीच विझवली आणि त्याच्या नावानं वर नवी लावली. काडी लिलियानंच पेटवून दिली.

प्लोवदिवला येईन, पण आत्ता नाही. तू घाबरू नकोस. मी चांगला आहे. जेवतो, झोपतो, कोंबड्यांना दाणे घालतो. क्रुम सोफियाला गेलाय, पुढच्या आठवड्यात परतेल.

काल संध्याकाळी खिडकीशी बसलो होतो, घेवडा शिजत होता. तळघराचा जिना करकरला. सावकाश, एकेक पायरी, हातात जड काहीतरी घेऊन कुणी चढावं तसा. मांजर माझ्या मांडीवर होतं.

मी उठून चुलीवरच्या रश्श्यात आणखी एका माणसापुरतं पाणी वाढवलं.

तुझा,
मामा